दानांग, च्यांग माई की पोखरा? बेळगावातून निघणाऱ्याचा महिन्याचा हिशेब

प्रश्न असा आहे. नवरा-बायको मूळचे खानापूरचे, सध्या बेळगावच्या टिळकवाडीत १३ हजार भाड्याच्या घरात राहतात. नवरा एका जर्मन कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम घरून करतो, महिन्याला दीड लाख मिळतात. बायको ऑनलाइन शिकवण्या घेते, ते उत्पन्न थोडं आणि कमीजास्त. काही महिने बाहेरदेशी एखाद्या स्वस्त शहरात राहून बघावं असं दोघांच्या मनात आहे. व्हिएतनामचं दानांग, थायलंडचं च्यांग माई, मलेशियाचं क्वालालंपूर, इंडोनेशियाचं बाली आणि जॉर्जियाचं त्बिलिसी अशी पाच नावं त्यांनी काढलीत. इंटरनेटवरच्या तुलनांमध्ये या शहरांचा खर्च महिना ७०-८० हजार दाखवतात. यांतलं सगळ्यात स्वस्त कुठलं, आणि ८० हजारांत भागेल का?

मी बेळगावात हिशेब आणि कराचं काम करतो. परदेशी कंपन्यांची कामं घरून करणारी सीमाभागातली बरीच मुलं विवरणपत्र भरायला माझ्याकडे येतात, आणि यातल्या काही शहरांत मी स्वतःही राहून आलोय. म्हणून आधी सरळ उत्तर: पाचांपैकी एकही शहर तुम्हाला टिळकवाडीपेक्षा स्वस्त पडणार नाही. ८० हजारांत भागणारही नाही, कारण त्या ८० हजारांत बरेच खर्च धरलेलेच नसतात.

त्या तुलना खोट्या असतात असं नाही. त्या लंडन, बर्लिन, न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्यांनी लिहिलेल्या असतात. तिथलं एका खोलीचं भाडं वाचवून माणूस दानांगला गेला की त्याचा खर्च खरंच निम्म्यावर येतो. तुमचं आज काय चाललंय बघा. भाडं १३, किराणा-भाजी-दूध १४, पेट्रोल-फोन-इंटरनेट ४, बाहेर खाणं, औषधं, कपडे, गावाकडचं येणं-जाणं मिळून १०-११. म्हणजे ४२ हजारांच्या आसपास दोघांचं नीट भागतं, महिन्याला लाखभर मागे पडतात. बेंगळुरूत हेच राहणीमान ठेवायला ७५-८० हजार लागतील, वर घरमालकाला सहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट. बेंगळुरूत राहणाऱ्याने "दानांग स्वस्त पडेल का" विचारलं तर थोडा विचार करावा लागेल. बेळगावकराने विचारलं तर उत्तर एकच. तुम्ही बाहेर जाऊन पैसे वाचवणार नाही, खर्च करणार आहात. तो किती आणि कशासाठी एवढंच ठरवायचं आहे.

शहरं बाजूला ठेवा आणि आधी पासपोर्ट काढा. अर्धी यादी तिथेच कापली जाते.

त्बिलिसी बहुतेक याद्यांत वरच्या क्रमांकावर असतं, कारण जॉर्जिया बऱ्याच देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय वर्षभर राहू देतो. त्या देशांत भारत नाही. आपल्याला ई-व्हिसा काढावा लागतो किंवा अमेरिका किंवा युरोपातल्या शेंगेन देशांसारख्या ठिकाणचा चालू व्हिसा हाताशी असावा लागतो, आणि सगळे कागद असूनही त्बिलिसी विमानतळावरून परत पाठवलेले भारतीय कमी नाहीत. जोडप्याने सामानसुमान घेऊन तीन महिन्यांच्या मुक्कामाला जायचं हे ठिकाण नव्हे.

बालीला उतरल्यावर मिळणारा व्हिसा ५ लाख इंडोनेशियन रुपियांचा. ३० दिवस, आणखी ३० दिवस एकदाच वाढवता येतात, आणि तो पर्यटनासाठी आहे. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी इंडोनेशियाने वर्षभराचा वेगळा व्हिसा काढला, पण त्याला वार्षिक ६० हजार डॉलर उत्पन्न लागतं. डॉलर ८८ रुपये धरला तर जवळपास ५३ लाख. एवढं मिळवणारा माणूस स्वस्त शहर शोधत नाही. मलेशियाचा असाच दे रांताउ नावाचा परवाना २०२२ पासून आहे. त्याला तंत्रज्ञान क्षेत्रातल्या माणसाचं उत्पन्न वर्षाला २४ हजार डॉलर हवं, म्हणजे २१ लाखांच्या वर. तुमचे १८ लाख होतात. तीन लाखांनी हुकलं. परवान्याशिवाय मलेशियात आपल्याला डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस व्हिसा न काढता जाता येतं, पण पाहुणा म्हणून.

थायलंडने जुलै २०२४ मध्ये डीटीव्ही नावाचा पाच वर्षांचा व्हिसा सुरू केला. एका खेपेला १८० दिवस राहता येतं आणि दूरच्या कंपनीचं काम करायला तो उघड परवानगी देतो. यात मासिक उत्पन्नाची अट नाही, पण खात्यात ५ लाख बात (थायलंडचं चलन) दाखवावे लागतात. बात २.७० रुपये धरला तर साडेतेरा लाख. दीड लाख मिळवणाऱ्याकडे एवढी शिल्लक नसेलच असं नाही, पण ती फ्लॅटच्या बुकिंगसाठी साठवलेली असते. व्हिसा होईपर्यंत खातं हलवायचं नाही एवढी तयारी हवी. फी माणशी १० हजार बातांच्या आसपास, आणि बायकोसाठी वेगळा अर्ज.

व्हिएतनामचा ई-व्हिसा सगळ्यात सुटसुटीत. ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांचा मिळतो, एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. मात्र व्हिएतनामने लॅपटॉपवाल्यांसाठी वेगळा व्हिसा काढलेलाच नाही, आणि पर्यटनाचा व्हिसा कामाची परवानगी देत नाही. "कोण बघायला येतंय" असं सांगणारे तुम्हाला ढिगाने भेटतील. बघायला कुणी येत नाही हे खरं. पण तुमच्या जर्मन कंपनीने लेखी विचारलं की तुम्ही कुठल्या परवान्यावर तिथे बसलाय, तर द्यायला उत्तर नसतं. मी कुणाला ती वाट धर म्हणून सांगत नाही. तरी दानांगचा हिशेब खाली मांडतो, कारण बहुतेकांच्या डोक्यात तेच शहर असतं आणि आकडे कसे फुगतात ते तिथे स्वच्छ दिसतं.

दर असे धरलेत: व्हिएतनामचे दहा लाख दोंग म्हणजे ३,३५० रुपये. 'मी खे' नावाच्या समुद्रकिनाऱ्याजवळ आन थुआंग भागात सामानासकट एक बेडरूमचं घर तीन महिन्यांच्या करारावर ११० लाख दोंगांना धरू. वीज १२ लाख. दोघांचं खाणं, अर्धं घरी अर्धं बाहेर, ९० लाख. ग्रॅबने (अ‍ॅपवरून बोलावायच्या टॅक्सीने) फिरणं १५ लाख, सिमकार्डं ३ लाख, कॉफीच्या दुकानांत किंवा को-वर्किंगच्या जागेत बसणं १५ लाख. बेरीज २४५ लाख दोंग, म्हणजे ८२ हजार रुपये. यादीतला आकडा बरोबर आला की नाही? इथपर्यंतच त्या तुलना जातात.

आता उरलेलं. बेंगळुरूहून दोघांची जाऊन-येऊन तिकिटं ५६ हजार, बेळगाव-बेंगळुरू येणं-जाणं आणि सामानाचे चोचले ६ हजार, दोन ई-व्हिसा ४,४००, तीन महिन्यांचा दोघांचा प्रवास विमा १४ हजार, घर मिळेपर्यंत पहिले चार-पाच दिवस हॉटेल ८ हजार. कार्डाने पैसे खर्च केले तर बहुतेक बँका साडेतीन टक्के लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. तीन महिन्यांच्या खर्चावर हे दहा हजारांच्या घरात जातं. एकूण ९८ हजार, म्हणजे महिन्याला पावणेतेहतीस हजार. आणि टिळकवाडीचं घर? ते सोडून गेलात तर सामान खानापूरला हलवायचं, परत आल्यावर नवीन घर, नवीन डिपॉझिट. बहुतेक जण सोडत नाहीत. म्हणजे १३ हजार भाडं आणि इंटरनेट-मेंटेनन्स वगैरे २ हजार चालूच.

८२ अधिक ३३ अधिक १५. एक लाख तीस हजार.

हेच सहा महिने राहिलात तर घर ९५ लाख दोंगांपर्यंत खाली येतं, तिकिटांचा भार निम्मा होतो. मधे एकदा देशाबाहेर जाऊन नवीन व्हिसावर परत यावं लागतं, त्याचे दोघांचे ३० हजार धरले तरी महिना एक लाख सतराच्या आसपास बसतो. उलट एकाच महिन्यासाठी गेलात तर घर महागात मिळतं, तिकिटं अख्खी एका महिन्यावर पडतात, आणि तो महिना १ लाख ८० हजारांना पडतो. शहर तेच, खोली तीच, समुद्र तोच, आणि किमती तीन. म्हणून "दानांग स्वस्त की च्यांग माई" हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला प्रश्न किती दिवस जाणार हा. या दोन शहरांमधला फरक महिन्याला पाच-सात हजारांचा असतो, एका महिन्याच्या आणि सहा महिन्यांच्या मुक्कामातला साठ हजारांचा.

विजेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कर्नाटकातल्या माणसाला हा चटका हमखास बसतो. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी वीजबिल शून्य येतं, आणि साडेसातशे मीटर उंचीवरच्या बेळगावात एसी लावायची वेळ एप्रिल-मे सोडून येत नाही. त्यामुळे वीज हा खर्चच डोक्यात नसतो. दानांगला किंवा च्यांग माईला घरात बसून काम करणारा माणूस दिवसाला बारा-चौदा तास एसी चालवतो. महिन्याला ३०० युनिट सहज जातात. घरमालक सरकारी दराने वीज देत नाही, स्वतःचा दर लावतो. दानांगला ३,५०० ते ४,००० दोंग युनिटला, च्यांग माईच्या कॉन्डोत (फ्लॅटच्या इमारतीत) ७ ते ८ बात, जेव्हा तिथला सरकारी दर ४ बातांच्या आसपास आहे. म्हणजे दानांगला महिन्याला ३,८०० रुपये, च्यांग माईला सहा हजार. चावी देताना दानांगची मालकीण मीटरसमोर उभी राहून फोटो काढते. तुम्हीही तोच फोटो तुमच्या फोनवर काढा. महिनाअखेरीला 'झालो' नावाच्या मेसेजिंग अ‍ॅपवर तिचा आकडा येतो, गुणिले ३,८०० दोंग, आणि वाद घालायला तुमच्याकडे तो एकच कागद असतो. त्याच वेळी वॉर्डच्या पोलिसांकडे तुमची राहण्याची नोंद ती करणार का तेही विचारून घ्या, ती जबाबदारी घरमालकाची आहे. टाळाटाळ करणाऱ्याचं घर स्वस्त असलं तरी घेऊ नका.

क्वालालंपूरला भाडेकरू वीज कंपनीच्या दराने थेट बिल भरतो, तो चटका नाही. तिथे डिपॉझिट आहे. १,८०० रिंगिटचा फ्लॅट घेतला तर दोन महिन्यांचं डिपॉझिट, अर्ध्या महिन्याचं वीज-पाण्याचं डिपॉझिट आणि एक महिना आगाऊ, असे ६,३०० रिंगिट पहिल्याच दिवशी मोजायचे. रिंगिट २१ रुपये धरला तर १ लाख ३२ हजार. करार वर्षाचा असतो, आधी निघालात तर डिपॉझिट विसरायचं. तीन महिन्यांसाठी येणाऱ्याला ते भाडं मिळतच नाही. त्याला सामानासकटचा अल्पमुदतीचा फ्लॅट घ्यावा लागतो आणि तो अडीच-तीन हजार रिंगिटच्या खाली बसत नाही. यादीत दिसणारं भाडं वर्षाच्या कराराचं असतं. आणखी एक: तिथल्या मेट्रो-बसचा महिन्याला ५० रिंगिटचा पास कित्येक तुलनांमध्ये धरलेला असतो. तो पास मलेशियन नागरिकांपुरता आहे.

दुचाकीचंही तसंच. दानांगला स्कूटर महिन्याला १५-२० लाख दोंगांना मिळते, म्हणून सगळे घेतात. पण आपलं आरटीओ जो आंतरराष्ट्रीय परवाना देतं तो १९४९ च्या जिनिव्हा करारातला आहे, आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातला मानतो. म्हणजे खिशात परवाना असून रस्त्यावर तुम्ही बिनपरवाना. पोलिसांच्या दंडाचं एवढं नाही, पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न परवान्याचा विचारते. म्हणून माझ्या हिशेबात ग्रॅबच आहे. विम्याचा विषय निघालाच आहे तर, इथल्या मेडिक्लेमच्या बहुतेक पॉलिसी देशाबाहेर चालत नाहीत. प्रवास विमा अचानकच्या दुखण्यासाठी असतो, जुन्या मधुमेहाच्या गोळ्यांसाठी नाही. गोळ्या इथूनच न्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट.

खाण्याचा आकडा माणसागणिक बदलतो. मासे-मटण खाणाऱ्याला दानांग स्वर्ग आहे. शाकाहारी असाल तर तिथे कॉम चाय मिळतं, भाताबरोबर टोफू, भाज्या, मशरूम, ३०-४० हजार दोंगांना म्हणजे शंभर ते एकशे पस्तीस रुपयांत पोटभर ताट. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला तिथले लोकही मांसाहार टाळतात, त्या दिवशी ही दुकानं भरलेली असतात. एरवीच्या हॉटेलात "भाजी" म्हणून आलेल्या ताटातही माशापासून केलेला सॉस असणार हे गृहीत धरा, थायलंडलाही तेच. पंधरा दिवस मजा वाटते, मग आमटी-भाताची आठवण होते आणि भारतीय दुकानात तूरडाळ आपल्या दुपटीच्या भावाने घ्यावी लागते. ज्वारीचं पीठ पाच किलो बॅगेत घालून नेणारे लोक आहेत, मी त्यांना हसत नाही. क्वालालंपूर-पेनांगला हा प्रश्नच येत नाही. तिथल्या तमिळ खाणावळींत केळीच्या पानावर जेवण मिळतं, आणि सकाळची रोती चनाई दोन-अडीच रिंगिटला.

तुमच्या कामाच्या वेळा मात्र पूर्वेला चांगल्या जुळतात. जर्मनीत हिवाळ्यात सकाळचे ९ वाजतात तेव्हा बेळगावात दुपारचे दीड आणि दानांग-च्यांग माईत तीन. म्हणजे तीन ते अकरा काम, सकाळ मोकळी. उन्हाळ्यात सगळं एक तास अलीकडे. कंपनी अमेरिकन असती तर मी पूर्वेला जाऊच नका म्हटलं असतं. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे हिवाळ्यात क्वालालंपूरला रात्रीचे १०, पहाटे सहापर्यंत कॅमेऱ्यासमोर, आणि दिवसा झोपायला समुद्रकिनाऱ्यावरचं घर कशाला? तशांना मी मॉरिशसकडे बघायला सांगतो. तिथे न्यूयॉर्कचे ९ म्हणजे संध्याकाळचे ५ किंवा ६. त्यांच्या प्रीमियम व्हिसाला महिना १,५०० डॉलर उत्पन्न लागतं, म्हणजे १ लाख ३२ हजार. त्यात तुम्हीही बसता. स्वस्त बेट नाही ते, भाडं आणि किराणा दोन्ही दानांगपेक्षा चढे. पण मराठी कुळांची वस्ती आहे, शाळांत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

इंटरनेटबद्दल एवढंच की व्हिएतनामच्या समुद्राखालच्या केबल अधूनमधून तुटतात. तसं झालं की तिथल्या तिथे वेग उत्तम दिसतो आणि युरोपातल्या सर्व्हरशी जोडणी आठवडा-दोन आठवडे रडत-खडत चालते. ज्याचं काम व्हीपीएनवर (कंपनीच्या सर्व्हरशी असलेल्या सुरक्षित जोडणीवर) दिवसभर टांगलेलं असतं त्याने हे लक्षात घ्यावं.

करात फार गुंतागुंत नाही, पण एक समजूत खोडून काढायची आहे. "सहा महिने बाहेर राहिलो की एनआरआय, मग इथे कर नाही." असं होत नाही. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून जास्त भारतात असाल तर तुम्ही रहिवासी, आणि जगात कुठेही मिळवलेलं उत्पन्न इथे करपात्र. त्याहून कमी दिवस असलात तरी ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत ३६५ दिवस असा दुसरा निकष आहे. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला त्यात सवलत आहे, पण बसण्याची जागा बदलून जुनंच काम करणारा त्यात बसतो की नाही हा वादाचा मुद्दा. तीन-चार महिन्यांसाठी जाणाऱ्याने इथलाच कर धरून चालावं. तिकडची मर्यादाही मोजा. थायलंडला वर्षात १८० दिवस, मलेशियाला १८२, व्हिएतनामला १८३ झाले की तिथले करनिवासी. थायलंडचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर चालतं, आपलं एप्रिल ते मार्च, त्यामुळे ऑक्टोबरात गेलेल्याचे दिवस तिथे दोन वर्षांत विभागले जातात. पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (बँक आगाऊ कापून घेते तो कर) कापला जात नाही, ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची. तुमचा खर्च त्याच्या आत राहील.

कागदांबद्दल सीमाभागातल्या लोकांना वेगळं सांगावं लागतं. डीटीव्हीसाठी बायकोला जोडायचं तर लग्नाचा दाखला लागतो. समजा खानापूरचा मुलगा, चंदगड-गडहिंग्लजची मुलगी, लग्न तिकडे लागलेलं, दाखला मराठीत. किंवा नोंदणी इकडे केलेली आणि दाखला कन्नडमध्ये. दोन्हींचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागतं. त्याहून त्रासदायक म्हणजे नावं. मराठी आडनाव कन्नडमध्ये गेलं आणि तिथून इंग्रजीत आलं की जाधवच्या शेवटी एक 'ए' चिकटतो, पाटीलचं स्पेलिंग बदलतं. आधारवर एक, पासपोर्टवर दुसरं, बँकेत तिसरं. आपल्याकडे नेहमीचे अधिकारी हे समजून घेतात. वकिलातीतला माणूस कशाला समजून घेईल? तिकिटाच्या आधी दोन महिने हे सरळ करायला बसा.

आता तुम्ही न विचारलेलं शहर: नेपाळमधलं पोखरा. पाश्चात्त्यांच्या याद्यांत ते फारसं नसतं कारण त्यांना तिथे व्हिसाचे दिवस मोजावे लागतात. आपल्याला व्हिसाच नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे तिथे राहणं आणि काम करणं या पाच शहरांपेक्षा आपल्याला कितीतरी मोकळं आहे. विमानाने जायलाही पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालतं (१५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार चालत नाही, हे विमानतळावर जाऊन कळू नये). शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून तोच आहे, त्यामुळे चलन घसरायची धास्ती नाही. बऱ्याच दुकानांत आपल्या यूपीआयने क्यूआर चालतो. तळ्याकाठच्या लेकसाइड भागापासून थोडं आत दोन खोल्यांचं सामानासकट घर ३०-३५ हजार नेपाळी रुपयांना, म्हणजे १९-२२ हजारांना मिळतं. दाल-भात-तरकारी हे तिथलं रोजचं जेवण असल्याने खाण्याचं सोंग करावं लागत नाही. घड्याळ फक्त पंधरा मिनिटं पुढे. दोघांचा तिथला खर्च ६२ ते ६५ हजार, त्यावर तिकिटं आणि विमा महिन्याला १७ हजार, टिळकवाडीचे १५ हजार. तीन महिने राहिलात तर महिना ९५ हजारांच्या आसपास पडतो, दानांगपेक्षा ३५ हजारांनी कमी.

त्याची दुसरी बाजूही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातली, तरुण रस्त्यावर उतरले आणि काही दिवसांत सरकार पडलं. ज्याचा पगार इंटरनेटवर अवलंबून आहे त्याने हे विसरू नये. पावसाळ्यात घाटातले रस्ते बंद पडतात. घरात इन्व्हर्टर आहे का हे विचारूनच घर घ्या.

तुमच्या जागी मी काय करेन ते सांगतो. आधी कंपनीला लेखी विचारेन की भारताबाहेरून काम करू द्याल का, आणि कुठल्या देशांतून नाही. कित्येकदा गाडी इथेच अडते, आणि तिकीट काढल्यावर अडण्यापेक्षा ते बरं. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात पोखराला दोन-तीन महिने. पाऊस संपलेला असतो, डोंगर स्वच्छ दिसतात, आणि दोघांनाही घरापासून लांब एका खोलीत बसून काम जमतं का ते कमी पैशांत कळतं. जमलं आणि साडेतेरा लाखांची शिल्लक खात्यात ठेवता आली तर पुढच्या वर्षी डीटीव्ही काढून च्यांग माई. पण नोव्हेंबर ते जानेवारीच. फेब्रुवारी ते एप्रिल तिथे शेतं-जंगलं जाळल्याचा धूर भरतो, खिडकी उघडता येत नाही, आणि त्या महिन्यांत भाडं उतरतं म्हणून खूश होऊन जाणारे पहिल्या आठवड्यात एअर प्युरिफायर विकत घेतात. च्यांग माईच्या सांतीथाम भागात सहा महिन्यांच्या करारावर ७-९ हजार बातांना खोली मिळते (तीन महिन्यांसाठी भाडं यापेक्षा चढं), निम्मानला त्याच खोलीचे १२ हजार. वीज सरकारी दराने भरू देणाऱ्या इमारती आहेत, खोली बघताना दुसरा प्रश्न तोच विचारा. दानांगचा विषय व्हिएतनाम कामाचा व्हिसा काढेपर्यंत बाजूला ठेवा. सुट्टी घेऊन, लॅपटॉप घरी ठेवून पंधरा दिवस खुशाल जा, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा. त्या दिवसांत तिथे वादळं येतात आणि किनाऱ्याच्या मागच्या गल्ल्यांत पाणी भरतं.